पिंपातलं पोर

रविवारपासून सोसायटीच्या ग्रुपवर माझं नाव 'पिंपवाले' पडलंय. गुन्हा एवढाच, की सलूनमध्ये नंबर लावून बसलो असताना शेजारच्या विंगेतल्या काकांनी माझ्या मोबाइलमध्ये डोकावून "कार्टून? या वयात?" असं विचारलं आणि मी गप्प बसायचं सोडून "वेबकॉमिक आहे काका, इंटरनेटवरचं चित्रकथेचं मासिक म्हणा, तुम्हीही वाचून बघा" म्हणालो.

काकांचं कॉमिकज्ञान इंद्रजालमधल्या वेताळापाशी थांबलेलं. सोपं जावं म्हणून एक्सकेसीडी नावाचं वेबकॉमिक उघडून दिलं. २००५पासून रँडल मन्रो काढतो, काडीची माणसं, सोमवार-बुधवार-शुक्रवारी नवं चित्र, बहुतेक चित्रं सुटी सुटी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. म्हणून कुठलंही एक चित्र उघडणारं 'रँडम'चं बटण दाबायला सांगितलं.

"पोथी काय मधूनच उघडतात?" म्हणत काकांनी पहिलं चित्र काढलं.

"हे पोर पिंपात बसून पाण्यावर तरंगतंय. पुढं?"

"पुढं काही नाही. आता कुठं वाहत जाईन, असं म्हणतंय."

"आईबाप कुठायत याचे?"

"काका, चित्रावर बोट दाबून धरा. एक लपवलेलं वाक्य दिसेल, खरी गंमत त्यात असते."

कॉम्प्युटरवर माउस चित्रावर नुसता ठेवला तरी ते वाक्य येतं; फोनवर बोट दाबून धरावं लागतं, किंवा पत्त्याच्या आधी एम आणि टिंब लावून मोबाइलचं पान उघडावं. काकांनी लिफ्टचं बटण दाबावं तसं बोट दाबलं. वाक्य आलं, पण त्याखाली चित्र शेअर करायची सोयही आली. दहा सेकंदांत पिंपातलं पोर 'सुप्रभात'सकट ग्रुपवर. वर "आपल्या या मित्राने सुचवले" ही ओळ. लगेच तीन नमस्कार आणि एक "मूल सापडले का?"

"अरे, पोर गेलं कुठं? इथं नुसता गोळा आणि त्यावर दोन झाडं!"

"ते दुसरं चित्र आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही."

"म्हणजे बुडालं?"

"नाही हो, अकराव्या चित्रात येतं परत." हे मी सांगायला नको होतं. काका एकेक चित्र पुढं सरकवू लागले, प्रत्येकावर शेरा मारत.

चूक माझीच. नवख्याला नाव सांगून भागत नाही, कुठून सुरू करायचं तेही सांगावं लागतं. सलग कथेच्या वेबकॉमिकचं मुखपृष्ठ उघडलं की समोर येतं ताजं पान, म्हणजे थेट तिसऱ्या अंकात प्रवेश. 'गर्ल जीनियस'ला तीनदा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळालाय, पण पहिल्या पानाचं 'फर्स्ट' बटण दाबून गेलं की सुरुवात कृष्णधवल. रंग नंतर येतात. तेवढ्यात माणूस पळतो. 'क्वेश्चनेबल कंटेंट' २००३चं. तेव्हाचे चेहरे आणि आजचे चेहरे एकाच हातचे वाटत नाहीत. अशा वेळी चित्रकाराचा हात बसल्यानंतरच्या एखाद्या पानाची लिंक पाठवावी, आवडलं तर माणूस आपणहून मागं जातो. 'होमस्टक' तर पहिल्याच भेटीत कुणाला सांगूच नये. आठ हजारांवर पानं, त्यातली कित्येक फ्लॅश नावाच्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि फ्लॅश २०२०च्या शेवटी बंद पडलं.

काकांना खरं तर वेबटून हे मोबाइलवरच्या कॉमिकचं ॲप द्यायला हवं होतं. उभी पट्टी, रंगीत, अंगठ्यानं वर सरकवत जायचं. पण तिथं माझं डोकं वेगळ्याच कारणानं फिरतं. चालू मालिकेचे पुढचे भाग हवेत तर कॉइन, म्हणजे ॲपमधली विकतची नाणी, मोजा. संपलेल्या कित्येक मालिकांना कुलूप, फुकट हवी तर दिवसाला एक भाग. अरे, संपली ना गोष्ट? मग रेशन कसलं? आणि वर रात्री अकराला नोटिफिकेशन, की तुमचा आजचा भाग तयार आहे. दूध आहे का नासायला?

"आलं, आलं!" काका ओरडले. न्हाव्याचा वस्तरा थबकला. अकरावं चित्र. तेच पोर, तेच पिंप, आणि ते म्हणतंय, जिथं जिथं वाहत गेलो तिथं आई नव्हती.

काका माझ्याकडे असे बघायला लागले, की पोराला पाण्यात मीच सोडलंय. "मी पहिल्याच चित्राला विचारलं होतं, आईबाप कुठायत. तू म्हणालास, गंमत आहे."

तेही चित्र ग्रुपवर गेलं. तेवढ्यात माझा नंबर पुकारला होता म्हणे. मला ऐकू आला नाही. खुर्चीत काका बसले होते, आणि न्हावी त्यांच्या खांद्यावरून वाकून विचारत होता, "मग पुढं सापडली का आई?"