टॉक्सापेक्सवर बंदी नाही : खुलासा

ठाण्यात तलावपाळीला रविवारी जमणाऱ्या आम्हा पोकेमॉन खेळाडूंमध्ये ‘टॉक्सापेक्स हे पोकेमॉन हरतच नाही, म्हणून त्याच्यावर बंदी घातली आहे’ असा संदेश फिरत असून त्याचे मूळ माझ्याच घाईच्या पोस्टमध्ये आहे. अशी बंदी नाही. त्याचा मूळ डिफेन्स (बचावशक्ती) 152 असला आणि माघारी बोलावताच रीजनरेटर या अंगभूत क्षमतेमुळे एक-तृतीयांश एचपी (जीवनशक्ती) भरून निघत असला, तरी मूळ एचपी अवघा 50 आहे आणि ग्राउंड, इलेक्ट्रिक व सायकिक या प्रकारांचे हल्ले त्याला दुपटीने लागतात. काल पुन्हा खेळून पाहिले तेव्हा, आधीच टाँट (थेट हल्ल्याखेरीज इतर चाली रोखणारी चाल) बसल्यामुळे त्याला ना रिकव्हर (एचपी भरून काढणे) करता आले ना हेझ (वाढवलेली ताकद पुसून टाकणे), आणि स्वोर्ड्स डान्स करून हल्ल्याची ताकद वाढवलेल्या गार्चॉम्प या पोकेमॉनच्या एकाच अर्थक्वेकने (ग्राउंड प्रकारच्या हल्ल्याने) ते आडवे झाले. सामने लांबतात, हे मात्र खरे. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये.