परदेशातून : पाचशे फुटांखाली

जानेवारी २०२५मध्ये गोव्यातल्या केरी पठारावर पॅराग्लायडर कोसळलं. पुण्याची एक तरुणी आणि तिचा प्रशिक्षक, दोघंही गेले. मग तिकडे वाद पेटला तो परवान्यावरून. कंपनी बेकायदा, गुन्हा नोंदवा, बंदी घाला. परवाना हवाच, यात दुमत नाही. पण अमेरिकेत राहून इथले तपास अहवाल वाचताना ही चर्चा फार लवकर थांबते असं वाटतं.

बेसबॉलपटू रॉय हॅलडे ७ नोव्हेंबर २०१७ रोजी फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ आयकॉन ए५ या छोट्या विमानासह समुद्रात कोसळला. परवाना होता, सुमारे ७०० तासांचा अनुभव होता, विमान कोरं होतं. तो पाण्यालगत कसरती करत होता, एका क्षणी अवघ्या ११ फुटांवर. इथल्या नियमात दाट वस्तीवर किमान उंची ठरलेली आहे. खुल्या पाण्यावर मात्र माणूस, होडी किंवा बांधकाम यांपासून ५०० फूट दूर राहिलं की पुरे. म्हणजे नियम खालच्या माणसाला वाचवतो, वैमानिकाला नाही.

त्याला वाचवते ती उंची. सेसना १७२ या छोट्या विमानाचं इंजिन ५०० फुटांवर बंद पडलं तर जमिनीला टेकायला जेमतेम ४० सेकंद मिळतात, आणि काय झालं हे उमगण्यातच त्यातली चार-पाच जातात. ६० अंश कलून, उंची न सोडता वळलं की पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग, ४१ टक्के वाढतो. सरळ उड्डाणात ५० नॉटला (ताशी सुमारे ९३ किमी) होणारा स्टॉल मग ७०लाच गाठतो. खाली ओळखीचं कुणी हात हलवत असतं, वैमानिक त्याच्याभोवती वळण आवळत जातो, आणि सावरायला हवी असलेली उंची उरलेलीच नसते. दरीत ९० नॉट वेगाने ३० अंश कलून मागे वळायला पाऊण किलोमीटर रुंदी लागते. म्हणून मधोमध न उडता एका कडेने उडावं, वळायला अख्खी दरी मिळते. विजेच्या तारा तर दिसतच नाहीत. खांब शोधायचा आणि खांबावरूनच ओलांडायचं. आरशासारख्या शांत पाण्यावर उंचीचा अंदाज डोळ्यांना येत नाही.

केरीनंतर हेच विचारायला हवं होतं: वारा किती होता, कुठल्या दिशेने, छत्री कितव्या फुटावर मिटली, राखीव पॅराशूट उघडण्याइतकी उंची होती का? हे तपशील मराठीत, सगळ्यांना वाचता येतील असे छापून यायला हवेत. कामशेतच्या टेकडीवर उद्या हार्नेस बांधणाऱ्याला गुन्ह्याच्या कलमांपेक्षा त्यांची गरज जास्त आहे.