हायपरस्पेक्ट्रल ड्रोनला म्हणे ‘सगळंच दिसतं’

“ड्रोनवर आता हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा आलाय, झाडाखाली लपा, बंकरमध्ये लपा, रात्र असो की दिवस, सगळं दिसतं, कॅमोफ्लाज संपलं” असा एक मेसेज फिरतोय. पूर्ण थाप असती तर सोडून दिलं असतं, पण त्यात थोडं खरं आहे आणि लोक तिथेच फसतात.

आधी खरं काय ते. साध्या कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे 3 बँड, म्हणजे प्रकाशाचे पट्टे असतात, हायपरस्पेक्ट्रलमध्ये साधारण 400 ते 2500 नॅनोमीटर तरंगलांबीत 200 च्या वर बारीक बँड, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती परत आला याचा प्रत्येक पिक्सेलचा अख्खा ग्राफ मिळतो. हिरव्या पानाचा ग्राफ 680 नॅनोमीटरच्या आसपास तळाला असतो कारण क्लोरोफिल लाल प्रकाश खाऊन टाकतं, आणि 750 येईपर्यंत तो सरळ उभा चढतो, याला रेड एज म्हणतात. ट्रकला साधा हिरवा रंग फासला तर डोळ्याला तो झाडीत मिसळतो पण ग्राफमध्ये ही चढण नसते, झालं, सापडला.

मग कॅमोफ्लाज संपलं का? अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धातच इन्फ्रारेड फिल्मवर असे रंग पकडले जायचे, म्हणून सैन्याचे रंग आणि जाळ्या रेड एजची नक्कल करायला लागल्या. आता अडचण पुढची आहे, पानात पाणी असतं त्यामुळे 970 आणि 1200 च्या आसपास ग्राफला खड्डे पडतात, ते कोरड्या कापडात आणणं अवघड. शर्यत चालूच आहे हो.

“झाडाखाली, बंकरमध्ये दिसतं”, हे सरळ चूक. हा सेन्सर वस्तूवरून परत आलेला प्रकाश मोजतो. दाट पानांच्या वरून पानंच दिसणार, फटीतून काही डोकावलं तर तेवढंच. बंकर खणताना उकरलेली माती आजूबाजूपेक्षा वेगळी दिसू शकते, पण आतली माणसं? विसरा.

“रात्रीसुद्धा”. वर सांगितलेली रेंज सूर्यप्रकाशावर चालते. रात्री चालणारे थर्मल, म्हणजे वस्तूची उष्णता टिपणारे हायपरस्पेक्ट्रल सेन्सर आहेत, पण ते वेगळं यंत्र, थंड ठेवावं लागतं, वजनदार आणि महाग, लग्नात उडवतात त्या साइजच्या ड्रोनवर बसवायचं म्हणजे गंमतच.

“प्रत्येक वस्तूचा फिंगरप्रिंट असतो, चूक होतच नाही”, हा सगळ्यात मोठा घोळ. तोच रणगाडा धुळीने माखला, पावसात भिजला, सावलीत गेला की ग्राफ बदलतो. आणि हिशोब करून बघा, 1000 बाय 1000 पिक्सेलचं एक दृश्य म्हणजे 10 लाख पिक्सेल, दर 10 हजारांत फक्त 1 चुकला तरी एका दृश्यात 100 खोटे अलार्म! शिवाय 200 बँड आणि प्रत्येक आकड्याला 2 बाइट धरले तर तेवढ्याच दृश्याचा डेटा 400 एमबी होतो, हे सगळं उडता उडता लाइव्ह खाली पाठवा म्हणावं.

म्हणून प्रत्यक्षात याचं काम ‘इथे काहीतरी वेगळं आहे, बघ’ एवढं सांगायचं. अमेरिकेच्या एअर फोर्सने प्रीडेटर ड्रोनसाठी एसेस-हाय नावाचा सेन्सर करून घेतला तो अशाच इशाऱ्यांसाठी, पुढे साधा झूम कॅमेरा आणि माणूस खात्री करणार.

मेसेजच्या शेवटी इस्रोच्या हायसिस उपग्रहाचा फोटो चिकटवून “आपल्याकडेही आहे, शत्रूचा एकेक रणगाडा दिसतो” असं लिहिलंय. हायसिस 29 नोव्हेंबर 2018 ला गेला, अभिमान आहेच, पण त्याचा एक पिक्सेल 30 मीटरचा, म्हणजे 900 चौरस मीटर. टी-72 रणगाडा वरून जेमतेम 25 चौरस मीटर, पिक्सेलच्या 3 टक्केही नाही. उरलेले 97 टक्के माती आणि झुडपं. त्यात रणगाडा ‘दिसतो’ म्हणणाऱ्याने तो बोट ठेवून दाखवावाच.