सगळे स्टुअर्ट राजाचे सोयरे नव्हेत

आडनावांच्या गोष्टी सांगणारा एक मजकूर बराच फिरतो आहे. त्यातला दावा थोडक्यात असा: स्टुअर्ट हे स्कॉटलंडच्या राजवंशाचं आडनाव. घराणं मूळचं तिथल्याच डोंगराळ मुलखातलं, मॅकबेथ राजाने मारवलेल्या बँको या सरदाराच्या वंशातलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘डब्ल्यू’ नसेल (Stuart) तर माणूस थेट राजाच्या शाखेचा, असेल (Stewart) तर दुय्यम. १७४६ साली, स्टुअर्टांना गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या कलोडनच्या लढाईत हार झाली, सगळे स्टुअर्ट देशोधडीला लागले आणि म्हणून आज ते जगभर सापडतात. तात्पर्य, ओळखीत कोणी स्टुअर्ट असेल तर त्याच्या अंगात राजरक्त आहे.

यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे. वाचायला गोड वाटतं म्हणून सोडून द्यावं असंही नाही, कारण या एका राजवाड्याखाली शेकडो कारभाऱ्यांचा, कुळांचा, कारागिरांचा आणि फिरस्त्यांचा इतिहास गाडला जातो. तो इतिहास मला राजवंशाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

मुळात हे आडनाव राजाचं नाही, राजाच्या चाकराचं आहे. ‘स्टुअर्ड’ म्हणजे वाड्याचा कारभारी. कोठार, मुदपाकखाना, नोकरचाकर, जमाखर्च सगळं त्याच्या हाताखाली. शेवटचा ‘ड’ स्कॉट लोकांच्या बोलण्यात ‘ट’ झाला. जुन्या लॅटिन कागदांत याच हुद्द्याला ‘दापिफेर’ म्हटलंय, म्हणजे ताट वाढून आणणारा. आपल्याकडे फडणीस आणि पोतनीस जसे दप्तरातून आणि खजिन्यातून आडनावांत आले, तसंच हे. (याच शब्दाचा अर्थ ‘डुकरांच्या गोठ्याचा राखणदार’ असा लावणारी एक टवाळीही फिरते. तीही चूक. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा पहिला भाग घर किंवा दिवाणखाना या अर्थाचा आहे.)

आता बँको. सोळाव्या शतकाआधीच्या कुठल्याही कागदात हा माणूस सापडत नाही. १५२७ साली हेक्टर बोईसने लॅटिनमध्ये स्कॉटलंडचा इतिहास छापला, त्यात तो पहिल्यांदा उगवतो. तेव्हा गादीवर स्टुअर्टच होते आणि त्यांना जुनी, देशी वंशावळ हवीच होती. तिथून तो शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात गेला, आणि ते नाटक लिहिलं गेलं तेव्हा लंडनच्या गादीवर जेम्स स्टुअर्ट बसला होता. बँकोचा मुलगा फ्लीअन्स वेल्समध्ये पळून गेला आणि त्याच्या वंशातून पुढचे स्टुअर्ट आले, ही जोडही तेव्हाच बसवलेली.

खरा उगम स्कॉटलंडमध्ये नाहीच, तो फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनीत आहे. तिथल्या दोल गावच्या बिशपकडे एक घराणं वंशपरंपरेने कारभारी होतं. त्यातला फ्लाल्ड आणि त्याचा मुलगा अ‍ॅलन इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याच्या वेळी तिकडे आले. अ‍ॅलनला वेल्सच्या सीमेवर ऑसवेस्ट्रीची जहागीर मिळाली. वेल्सचा धागा काय तो एवढाच. अ‍ॅलनच्या एका मुलाची शाखा इंग्लंडमध्ये राहिली, तिच्यातून पुढे अरंडेलचे अर्ल झाले. दुसरा मुलगा वॉल्टर नशीब काढायला स्कॉटलंडच्या पहिल्या डेव्हिड राजाकडे गेला. राजाने त्याला कारभारी नेमलं, रेनफ्र्यूच्या आसपास जमिनी दिल्या आणि पुढच्या राजाने, चौथ्या माल्कमने, हा हुद्दा त्याच्या वंशाला कायम करून दिला. वॉल्टरने पेस्लीला मठ बांधला आणि त्यासाठी साधू आणले ते श्रॉपशरमधल्या वेनलॉकहून, म्हणजे माहेरच्या मुलखातूनच. तो ११७७ मध्ये वारला. जे. एच. राउंड या इंग्रज संशोधकाने ही ब्रिटनीची साखळी १९०१ साली कागदपत्रांनिशी मांडली. तरी बँको अजून जिवंत आहे, याचा मला खरोखर राग येतो.

राजरक्ताचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण त्यात थोडं तथ्य आहे आणि त्याच्या आधारावरच बाकीचा फुगारा उभा आहे. सहावा कारभारी वॉल्टर याचं लग्न १३१५ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या मुलीशी, मार्जरीशी झालं. त्यांचा मुलगा १३७१ मध्ये दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर आला. म्हणजे हुद्दा मिळाल्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं हे घराणं राजाचं चाकरच होतं, आणि त्या काळात फुटलेल्या शाखांचा गादीशी संबंध नव्हता. राजा झालेल्या रॉबर्टला औरस-अनौरस मिळून पुष्कळ मुलं होती, त्यामुळे राजवंशातून आलेले स्टुअर्टही खरोखर बरेच आहेत. हे नाकारायचं कारण नाही.

पण कारभारी काही एकट्या राजाकडेच नव्हता. प्रत्येक बिशपकडे, मठाकडे, मोठ्या सरदाराकडे एकेक होता आणि त्यांच्या वंशजांनाही हेच नाव लागलं. शिवाय डोंगरी मुलखात कूळ ज्याच्या जमिनीवर राही त्याचं नाव लावी. त्यात संरक्षण होतं. १६०३ मध्ये मॅकग्रेगर हे नाव लावण्यावर सरकारनेच बंदी घातली. ते नाव लावणं म्हणजे जिवाशी खेळ. त्या लोकांनी जवळच्या घराण्यांची नावं घेतली, कोणी मरे, कोणी ड्रमंड, कोणी स्टुअर्ट. आणि स्कॉटलंडच्या फिरस्त्या जमातींत, कथिलाचं काम करणाऱ्या, मोती शोधणाऱ्या, जुनी गाणी जपणाऱ्या लोकांत, स्टुअर्ट हे अगदी नेहमीचं आडनाव आहे. बेल स्टुअर्टसारखी नामांकित लोकगायिका याच लोकांतली. गावोगावी हाकलले गेलेले हे लोक. त्यांचं आडनाव राजवाड्याला बांधणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा हाकलणं आहे.

खुद्द स्कॉट लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांची जुनी म्हणच आहे, ‘सगळे स्टुअर्ट राजाचे सोयरे नसतात’. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेल्या म्हणींच्या संग्रहातही ती आहे. तेव्हाही शेजाऱ्याला असं सुनावणारे लोक होते, आणि तीनशे वर्षांनी आपण त्यांनाच उलटं शिकवतो आहोत.

हीच गोष्ट आपल्या ओळखीच्या स्टुअर्टला लावून पाहा. १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून पुण्याकडे निघाली, तेव्हा कार्ल्याला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी त्याचं नाव केलं इष्टुर आणि शौर्यासाठी त्याला फाकडा म्हटलं. वडगाव मावळात त्याचं थडगं आहे. इष्टुर फाकडा म्हणून तो लोकांच्या तोंडी राहिला तो लढला म्हणून. नुसत्या आडनावावरून त्याला राजपुत्र ठरवणं हा त्या माणसावरही अन्याय आहे.

स्पेलिंगचं प्रकरण लवकर आटोपतं. पंधराव्या शतकात स्कॉट सैनिक फ्रान्सच्या बाजूने इंग्रजांशी लढायला गेले. डार्नलीच्या जॉन स्टुअर्टला तिथे ओबिन्यीची जहागीर मिळाली आणि १४२९ मध्ये ऑर्लेआंजवळ तो लढाईत मारला गेला. फ्रेंच लिहिण्यात ‘डब्ल्यू’ चालत नव्हता, म्हणून तिकडे ‘यू’ आला. स्कॉटलंडची मेरी राणी १५४८ मध्ये पाच वर्षांची असताना फ्रान्सला गेली, १५६१ मध्ये परतली, आणि ते फ्रेंच वळण राजघराण्याला चिकटलं. सामान्य लोकांचं स्पेलिंग तर पाद्री किंवा कारकून लिहील ते, त्यामुळे एकाच घरात दोन्ही सापडतात.

राहता राहिलं कलोडन. स्कॉटलंडच्या पश्चिम डोंगराळ भागातल्या ॲपिनचे स्टुअर्ट तिथे लढले आणि पुष्कळ मेले, हे खरं. कैद्यांपैकी कित्येकांना समुद्रापार पाठवलं, हेही खरं. पण स्टुअर्ट त्याआधी दीडशे वर्षं बाहेर पडतच होते. १६१० च्या सुमारास आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या जप्त जमिनी वाटल्या तेव्हा ऑकिल्ट्रीच्या लॉर्ड स्टुअर्टला टिरोन परगण्यात वाटा मिळाला. तिथलं स्टुअर्ट्सटाउन गाव आजही आहे. अठराव्या शतकात याच अल्स्टरमधून हजारो प्रॉटेस्टंट कुटुंबं वाढता खंड आणि खराब पिकं यांना कंटाळून अमेरिकेला गेली. अमेरिकेतले कितीतरी स्टुअर्ट असे आयर्लंडमार्गे पोचलेले आहेत, कलोडनशी त्यांचा काही संबंध नाही.

आणि ‘सगळे हाकलले’ म्हणणाऱ्यांनी १७५२ चा खटला पाहावा. कलोडनला सहा वर्षं होऊन गेली होती आणि ॲपिनमध्ये स्टुअर्ट कुळं जमीन कसतच होती. जप्त इस्टेटीचा वसुली अधिकारी कॉलिन कॅम्पबेल गोळी लागून मेला. तिथल्याच जेम्स स्टुअर्ट नावाच्या माणसाला खुनातला साथीदार म्हणून पकडलं. पंधरा पंचांपैकी अकरा कॅम्पबेल होते आणि न्यायासनावर कॅम्पबेलांचाच प्रमुख, अर्गाइलचा ड्यूक. नोव्हेंबरमध्ये बॅलाहुलिशला त्याला फाशी दिलं. पुढेही लोक ॲपिनमध्येच राहिले. नंतरच्या शतकात ते गेले ते खंडवाढ, मेंढपाळीसाठी मोकळ्या केलेल्या जमिनी आणि ग्लासगोतल्या गिरण्या यांमुळे.

ज्याला कोणा स्टुअर्टचा खरा माग काढायचा आहे त्याने ‘घराण्याचं निशाण’ (कोट ऑफ आर्म्स) विकणाऱ्या दुकानांकडे जाऊ नये. स्कॉटलंडमध्ये निशाण आडनावाला मिळत नाही, एका व्यक्तीला मिळतं, आणि ते लॉर्ड लायन या निशाणांच्या अधिकाऱ्याच्या दप्तरात नोंदवलेलं असतं. त्यापेक्षा जन्म-मृत्यूच्या नोंदी उघडाव्यात. १ जानेवारी १८५५ पासून तिथे सरकारी नोंदणी सक्तीची आहे. जन्माच्या नोंदीत बापाचा धंदा आणि आईचं माहेरचं आडनावही मिळतं. त्याआधीचं पाहायला चर्चच्या वह्या आहेत. सुरुवात आजोबा-पणजोबांपासून करून एकेक पिढी मागे जावं, राजापासून खाली येऊ नये.