हिरवळीला खत तराजूवर मोजूनच द्यावे

हिरवळीला खत किती द्यावे असे विचारले की बहुतेक जण "टाका दोन-चार मुठी" असे सांगून मोकळे होतात. या अंदाजपंचे सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका सकाळी, गवतावर दव असतानाच, मी हाताने युरिया फोकला. पांढरे दाणे ओल्या पात्यांना चिकटून राहिले, ऊन चढले आणि तीन-चार दिवसांत, जिथे जिथे मूठ उघडली होती तिथे तिथे, पंख्याच्या आकाराचे करपलेले डाग उमटले. मधले गवत मात्र पूर्वीसारखेच पिवळट राहिले. खताचा तीव्र द्राव पात्यांतले आणि मुळांतले पाणी ओढून घेतो, त्यामुळे जास्त खत पडलेले गवत अक्षरशः तहानेने मरते.

हिशेब अगदी सोपा आहे. एका वेळी, एका चौरस मीटरला, जास्तीत जास्त ५ ग्रॅम नत्र (नायट्रोजन) पुरे होते. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे १० चौरस मीटर हिरवळीला युरिया लागतो सुमारे ११० ग्रॅम. एवढेसे खत हाताने सारखे पसरणे कठीण असते, म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळावे आणि त्याचे दोन भाग करून एक उभा व दुसरा आडवा फोकावा. त्या वेळी पाती कोरडी हवीत, जमिनीत वाफसा, म्हणजे चिखल न होणारी बेताची ओल, हवा आणि लगेच बेताचे पाणी द्यावे. युरिया वरच पडून राहिला तर त्यातले काही नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जाते, आणि मुसळधार पावसात तो वाहून किंवा झिरपून जातो. सावकाश विरघळणारे खत किंवा चांगले कुजलेले, चाळलेले शेणखत वापरल्यास करपण्याची भीती बरीच कमी होते.

खताने आठवड्यात आलेला गडद हिरवा रंग पाहून समाधान मानणे मला घातक वाटते. जादा नत्राने पाती भराभर वाढतात, पण मुळे मागे पडतात. गवत लुसलुशीत होऊन रोगाला बळी पडते, आणि पाणी चुकले की सर्वांत आधी तेच माना टाकते. खुरप्याने बोटभर रुंदीचा चौकोन कापून मुळे किती खोल गेली आहेत हे पाहावे. हिरवळीची प्रकृती तिथे कळते.

शिवाय प्रत्येक पिवळेपणा म्हणजे भूक नव्हे. जुनी, खालची पाती आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे असे समजावे. नवी पाती पिवळी पण त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी पडते आहे, आणि सामू (पीएच) जास्त असलेल्या जमिनीत हे वारंवार घडते. तिथे युरिया ओतून काहीही साधत नाही. म्हणून आधी माती परीक्षण करावे. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) पुरेसे असेल तर ते आणखी देऊ नये, कारण पावसाबरोबर तळ्यात पोहोचलेले स्फुरद शेवाळ माजवते. याची जबाबदारी खत टाकणाऱ्यावरच आहे, असे मी मानतो.

वेळेबाबत एवढेच सांगतो की गवत वाढत असेल तेव्हाच खत द्यावे. हरळीसारख्या उष्ण हवेच्या गवताला थंडीत सुप्तावस्थेत असताना ते देऊ नये, आणि थंड हवेच्या गवताची मुख्य मात्रा शरद ऋतूत द्यावी, कडक उन्हाळ्यात नव्हे.

कापलेले गवत गोळा करून फेकण्याची सवयही सोडावी. उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त न कापता बारीक कात्रण तिथेच पडू दिले, तर ते लवकर कुजते आणि वर्षभराच्या नत्राचा साधारण चौथा हिस्सा जमिनीला परत मिळू शकतो. मी तसे करू लागल्यापासून वर्षातली खताची एक पाळी पूर्णपणे बंद केली आहे, आणि ते जुने डाग आता शोधूनही सापडत नाहीत.