घर बांधताय? मग आधी काहीच ठरवू नका!

घर बांधायला काढलंय? अभिनंदन! आता आम्हा साइट इंजिनिअरांना कसं वागवायचं, ते ऐका.

गरजा कधीही लिहून देऊ नका. 'मोकळं मोकळं हवं, पण खोल्या भरपूर हव्यात' एवढं सांगितलं की पुरे. ड्रॉइंगवर सही मागितली तर दुखावल्यासारखा चेहरा करा. आपल्यात सह्या कसल्या?

मीटिंगला एकटेच या. प्लॅन तुम्ही पास करा, किचन घरी गेल्यावर नापास होऊ द्या. जिन्याचं मेहुण्यांवर सोडा. त्यांना बांधकामातलं कळतं, मागच्याच वर्षी त्यांनी घराला रंग काढलाय.

बदल मात्र स्लॅब टाकून झाल्यावरच सुचवावा. ड्रॉइंग दीड महिना टेबलावर असतं तेव्हा रेघ खोडायला मिनिट लागतं, त्यात काय मजा? गेल्या मंगळवारी आमचा स्लॅब टाकून झाला. बुधवारी सकाळी पाणी धरायला वाफे बांधत होतो, तोच घरमालक साहेबांचा फोन. "बेडरूमचं टॉयलेट जरा पलीकडच्या कोपऱ्यात घ्या ना." जरा! पाइप बसावेत म्हणून टॉयलेटपुरता स्लॅब 250 मिलिमीटर खाली धरलाय, त्याच्या कडेने बीम फिरवलेत, ड्रेनेजची उभी लाइन त्याच कोपऱ्यातून उतरते. नव्या कोपऱ्याखाली काय आहे? डायनिंग टेबल. म्हणजे पाइप जेवणाऱ्यांच्या डोक्यावरून न्यायचे, नाहीतर टॉयलेटची जमीन उचलून स्लॅबच्या हिशेबात नसलेला भराव त्याच्यावर घालायचा. हे सांगितलं तर म्हणाले, "थोडं फोडून घ्या की, कालच टाकलाय, ओलाच असेल." अहो, सिमेंट जास्तीत जास्त 10 तासांत घट्ट होतं आणि काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी मोजतात! फोडायला तो मऊ नाही आणि हादरे सोसायला पक्का नाही. खाली टेकू-फळ्यांचं सेंटरिंग अजून उभं आहे, आणि ह्यांना ब्रेकर लावायचाय!

प्लगचे पॉइंट प्लास्टर झाल्यावर आठवावेत.

निरोप रात्री अकरानंतर पाठवावा. सोबत फोटो आणि 'असं काहीतरी' एवढेच दोन शब्द. फोटोतला हॉल चाळीस फुटी, तुमचा बारा फुटी, त्याकडे लक्ष देऊ नये.

जादा कामाचं बिल आलं की 'एवढंसं तर होतं' म्हणावं आणि लगेच ताबा कधी मिळणार ते विचारावं.

बास झालं. मन बदलतं हो माणसाचं, मान्य आहे, आम्हीही माणसंच आहोत. पण तुम्हाला तीन वेळा विचारलं होतं. खालच्या स्लॅबवर खडूने बेडरूम आणि टॉयलेट पूर्ण मापात आखून दाखवलं होतं. तुम्ही त्यात उभे राहिलात, पलंग कुठे येईल ते पावलांनी मोजलंत, 'झकास' म्हणालात. सगळा वेळ कानाला फोन होता, ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं. चाळीस माणसं दिवसभर राबली त्या स्लॅबवर. सळ्या बांधणाऱ्यांची बोटं बघितलीत कधी?

टॉयलेट आहे तिथेच राहील. मेहुण्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.