चार बोटं गडगा

गुहागरच्या आमच्या घरात रेंज फक्त पडवीत येते, तीही झोपाळ्याच्या डाव्या टोकाला. उजवं टोक काकांचं. त्यामुळे माझी प्रोग्रामरची नोकरी आणि काकांचा अडकित्ता एकाच फळीवर चालतात.

ऐन आंब्याच्या दिवसांत एका बागायतदाराचं बिल चुकायला लागलं. ऑर्डर बारा पेट्यांची, हिशेब पहिल्याच पेटीचा. पुण्यातल्या सहकाऱ्याकडे मात्र बिलाचा तोच मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा तोच तुकडा, बिनचूक चालत होता. त्याची फाइल मागवली आणि दोन्ही 'डिफ' नावाच्या प्रोग्रामपुढे ठेवल्या. डिफ 1974 पासून युनिक्स या संगणकप्रणालीबरोबर येतंय. माझ्याहून वयानं मोठं, म्हणून भरवसा. दोन फाइलींची नावं द्यायची, वेगळ्या ओळी ते दाखवतं.

दाखवल्या. सगळ्या. सहाशेच्या सहाशे. आणि डोळ्यांना एकीतही फरक दिसेना.

कारण कळायला अर्धा तास गेला. सहकारी विंडोजवाला. तिथे ओळ संपताना दोन अदृश्य अक्षरं बसतात, माझ्या लिनक्सवर एकच. मग मी 'उणे डब्ल्यू' जोडलं, म्हणजे रिकाम्या जागांकडे बघू नकोस. डिफ एकदम गप्प. फरक नसला की ते 'सारखं आहे' एवढंही म्हणत नाही.

"बोलत नाही काय ते?" काका.

"फरक नाही म्हणून गप्प आहे."

"गप्प बसणारा साक्षीदार पढवलेला असतो," काका म्हणाले आणि सुपारी कातरली. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही.

तेवढ्यात लाइट गेली. बॅटरी एकोणीस टक्के. पंख्याविना घामाघूम होऊन बसलो असताना डोक्यात उजेड पडला. मॉड्यूल पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला! पायथनमध्ये ओळीआधीची रिकामी जागा हेच व्याकरण, आणि मी डिफला नेमकं तिथेच डोळे मिटायला सांगितलेले. या खेपेला ओळीच्या शेपटीचं ते जादा अक्षर तेवढं सोडायला सांगितलं. फरक निघाला एका ओळीचा. शब्द तोच, 'रिटर्न'. माझ्या फाइलीत चार जागा उजवीकडे सरकलेला. तेवढ्यानं तो लूपच्या, म्हणजे दर पेटीला पुन्हा फिरणाऱ्या ओळींच्या, आत शिरला होता आणि पहिली पेटी मोजून घरी परतत होता.

काकांना हे समजावताना फारसे कष्ट पडले नाहीत. अडकित्ता थांबला. आमच्या पूर्वेच्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, दावा माझ्या जन्माआधीपासून चालू आहे.

"चार बोटं गडगा आत घेतलान, आणि तुला दोन तास दिसला नाही? कोणी सरकवलान?"

त्याचीही सोय आहे, 'गिट ब्लेम'. कुठली ओळ शेवटी कोणी बदलली, ते नाव-तारखेनिशी सांगतं. ऑफिसात नव्यानं लागलेल्या पोराचंच हे काम, याबद्दल मला शंका नव्हती. कमांड दिली. तारीख शिमग्याच्या सुट्टीतली, वेळ रात्री सव्वाअकराची. नाव माझं.

"कोण रे?" काका वाकून बघू लागले.

"रेंज गेली," मी म्हटलं आणि लॅपटॉप मिटला. गिट ब्लेमला रेंज लागत नाही, हे काकांना ठाऊक नाही.